सात मिनिटांचं घड्याळ: वक्तृत्व स्पर्धेच्या टायमरच्या नोंदी

२० जुलै २०२५, रविवार

मंडळाची बैठक वडोदऱ्यात, दांडिया बाजारात झाली. गणपती २७ ऑगस्टला बसतायत, वक्तृत्व स्पर्धा ३१ला. स्पर्धेचं घड्याळ नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं, कारण जुनं घड्याळ ज्या डेस्कटॉपवर चालायचं तो गेल्या ऑगस्टच्या पुरात गेला. कार्यवाहांच्या तळमजल्यात विश्वामित्रीचं पाणी शिरलं आणि सीपीयू होता जमिनीवर. त्या वर्षीची स्पर्धा टाइमकीपर काकूंनी हातातल्या स्टॉपवॉचवर आणि पितळी घंटेवर निभावली.

जुन्या प्रोग्रामची एक्झी फाइल, म्हणजे थेट चालणारी तयार फाइल, एका पेन ड्राइव्हवर मिळाली. व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या भाषेतली आहे. कोणी लिहिली ते कोणालाच आठवत नाही आणि सोर्स कोड कुठेच नाही. विंडोज १०वर ती अजून चालते हे विशेष. काकूंच्या स्टॉपवॉचशेजारी ठेवून चालवली. स्टॉपवॉचची सात मिनिटं भरली तेव्हा पडद्यावर अजून चार-पाच सेकंद बाकी होते.

काकू शांतपणे म्हणाल्या, "मी किती वर्षं सांगतेय, हे मुलांना फुकटचे सेकंद देतं. तुम्ही म्हणायचात, काकूंचं स्टॉपवॉच जुनं झालं."

काय हवंय ते बैठकीतच लिहून घेतलं. वक्त्याला ७ मिनिटं. पाचव्या मिनिटाला एक घंटा, सातव्याला दोन. पुढे दर ३० सेकंदांना एक गुण वजा. वीज गेली किंवा माइक बंद पडला तर घड्याळ थांबवून तिथूनच पुढे नेता यायला हवं. एक खिडकी काकूंच्या टेबलावर, दुसरी प्रोजेक्टरवर.

२३ जुलै, बुधवार

पायथन भाषा आणि तिच्यात खिडक्या-बटणं करायची टीकेइंटर ही सोय वापरायचं ठरलं. त्याच कामाचं क्यूटी जास्त देखणं आहे, त्यातल्या टायमरला अचूकतेचे तीन दर्जेही सांगता येतात. पण न सांगितलं तर तो मागितलेल्या अंतराच्या ५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होण्याची मुभा घेतो, हे ठाऊक नसलेला माणूस फसतो. शिवाय दोन खिडक्या आणि एक आकडा एवढ्यासाठी तो पसारा नको. टीकेइंटर विंडोजवरच्या पायथनबरोबर आपोआप येतं.

पहिला मसुदा भाची करणार. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पायथन माझ्यापेक्षा भराभर लिहिते.

२६ जुलै, शनिवार

मसुदा आला. 'सुरू' दाबलं की आकडा ०:००वरच राहतो आणि खिडकीच्या वरच्या पट्टीत 'प्रतिसाद देत नाही' येतं. आत पाहिलं तर व्हाइल लूप, म्हणजे फिरून फिरून तेच: एक सेकंद स्लीप, लेबल (खिडकीतला आकडा) बदल, पुन्हा स्लीप.

काळ्या पडद्यावर चालणाऱ्या प्रोग्रामला हे शोभतं. खिडकीवाल्या प्रोग्रामचं तसं नसतं. तिथे मेनलूप, म्हणजे प्रोग्रामचा मुख्य फेरा, एका रांगेतून एकेक निरोप उचलतो: माउस दाबला, कळ दाबली, खिडकीचा हा भाग पुन्हा रंगव, टायमरची वेळ झाली. एका निरोपासाठी बोलावलेलं फंक्शन परत येत नाही तोवर दुसरा निरोप उचलला जात नाही. भाचीचं लेबल आतल्या आत बदलत होतं, पण ते रंगवण्याचा निरोप रांगेत अडकलेला होता. आणि ज्या फंक्शनमागे तो अडकला होता ते सात मिनिटं झोपणार होतं.

इंटरनेटवर तिला एक तोडगा मिळाला होता: लूपमध्येच दर वेळी 'अपडेट' बोलवायचं. आकडे हलायला लागले. पण 'थांबवा' दाबल्यावर बटण सेकंदभराने जागं होतं, आणि मध्येच खिडकी बंद केली की लूप नसलेल्या लेबलावर लिहायला जाऊन एरर देतो. ठेवला नाही.

खरी सोय टीकेइंटरच्या 'आफ्टर'ची आहे. इतक्या मिलिसेकंदांनी हे फंक्शन बोलाव, अशी नोंद करून तो लगेच परत येतो, मेनलूप मोकळा राहतो. बोलावतो एकदाच. पुन्हा हवं असेल तर त्या फंक्शननेच निघताना पुढची नोंद करायची.

भाचीने तसं बदललं आणि चालवताच पडदाभर लाल अक्षरं. फंक्शनच्या नावापुढे कंस लागले होते, त्यामुळे नोंद व्हायच्या आधीच ते फंक्शन धावलं, त्याने स्वतःला बोलावलं, त्याने पुन्हा स्वतःला.

"मामा, हे तर थांबायलाच तयार नाही."

"हाताने बोलावू नकोस. नाव दे फक्त."

कंस काढले. घड्याळ चाललं.

२७ जुलै, रविवार

चाललं, पण जुन्यासारखंच मागे पडतं. आज दुपार त्यातच गेली, आणि या सगळ्या कामातली मला आवडलेली गोष्ट हीच.

दोन्ही प्रोग्राम एकच गोष्ट करत होते. टायमर दर १००० मिलिसेकंदांना लावायचा आणि तो आला की सेकंदात एक मिळवायचा. म्हणजे टायमर किती वेळा आला यावरून वेळ ठरवायची. यात दोन ठिकाणी गळती आहे.

पहिली अशी की '१००० मिलिसेकंद' याचा अर्थ 'त्याच्या आधी नाही' एवढाच. विंडोजचं आतलं घड्याळ एरवी सेकंदाला ६४ वेळा टिकटिक करतं, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांनी. आपली वेळ भरली हे त्याला पुढच्या टिकटिकीला कळतं. त्यात आपल्या फंक्शनला लागलेला वेळ मिळवा, कारण 'आफ्टर'ची पुढची नोंद ते फंक्शन करतं तेव्हापासून मोजली जाते. दर खेपेला नुसता १० मिलिसेकंद उशीर धरला तरी सात मिनिटांच्या ४२० खेपांमध्ये ४.२ सेकंद होतात. काकूंच्या स्टॉपवॉचने दाखवले ते हेच. चाळीस मिनिटांच्या एकांकिकेला हा हिशोब २४ सेकंदांवर जाईल.

दुसरी गळती जुन्या प्रोग्रामला जास्त लागू. व्हिज्युअल बेसिकचा टायमर विंडोजच्या टायमर-निरोपावर उभा आहे, आणि रांगेत त्या निरोपाचा मान सगळ्यात खालचा. बाकी काही काम नसेल तेव्हाच तो दिला जातो. संगणक दोन-तीन सेकंद दुसऱ्या कामात गुंतला तर चुकलेले निरोप साठून राहत नाहीत, एकच मिळतो. मोजणाऱ्याच्या दृष्टीने ते सेकंद झालेच नाहीत.

संध्याकाळी भाचीला घेऊन सेव-उसळ खायला बाहेर पडलो तेव्हा रावपुऱ्याच्या टॉवरपाशी तिला हे पुन्हा सांगितलं. टॉवर १८९६चा, चिमणाबाई महाराणींच्या स्मरणार्थ बांधलेला. म्हटलं, समज तू इथे पाठमोरी उभी आहेस आणि एक माणूस अधूनमधून तुला हाक मारतो. हाका मोजून किती वाजले ते ठरवशील, की हाक आली की वळून टॉवरकडे बघशील?

"बघेन. पण मग हाक उशिरा आली तर?"

उशिरा आली तर उशिरा बघशील, वेळ बरोबरच दिसेल. पुढच्या हाकेला मागचा उशीर चिकटत नाही.

रात्री कोड बदलला. 'सुरू' दाबताना घड्याळाची वेळ टिपून ठेवायची. टायमर आला की आत्ताची वेळ घ्यायची, वजाबाकी करायची, दाखवायची. सेकंदात एक मिळवण्याची ओळ कायमची गेली. स्टॉपवॉचशेजारी अर्धा तास ठेवलं, फरक डोळ्याला दिसेना.

घड्याळ कोणतं, हाही प्रश्न होताच. पायथनचं 'टाइम.टाइम' भिंतीवरची वेळ देतं. ती इंटरनेटवरून जुळवली गेली किंवा कोणी हाताने बदलली तर उडी मारते. 'टाइम.मोनोटॉनिक' कधी मागे जात नाही आणि भिंतीवरची वेळ बदलली तरी त्याला पत्ता नसतो. पायथन ३.३पासून आहे. लॅपटॉपवर पायथन ३.१२ आहे, तिथे विंडोजवर ते १५.६ मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनीच सरकतं, ३.१३पासून जास्त बारीक झालं. वक्तृत्वाला १५ मिलिसेकंद म्हणजे काहीच नाहीत.

३० जुलै, बुधवार

भाचीचा फोन: "मामा, ३:०७ नंतर एकदम ३:०९ दिसलं."

बरोबर आहे, दिसणारच. टायमर अजून हजारावर आहे आणि येतो साधारण १०१०ला. ३:०७.९९५ला पाहिलं की ३:०७ दिसतं, पुढच्या वेळी घड्याळ ३:०९.००५वर असतं. मधला आठ कोणी पाहिलाच नाही. वेळ अचूक, पण बघणाऱ्याला वाटतं घड्याळ अडखळलं. जुन्या मोजणीत असं कधी व्हायचं नाही; चुकीचं होतं पण एका लयीत चुकीचं.

तिने उपाय केला तो हुशारीचा: झालेल्या मिलिसेकंदांना हजाराने भागून बाकी काढायची आणि हजारातून वजा करून तेवढंच थांबायचं. ३:०७.०१८ असेल तर ९८२. टायमर दर सेकंदाच्या तोंडाशी येतो. कधी एखादा मिलिसेकंद आधीच जाग येते, मग जुनाच आकडा पुन्हा लिहून लगेच परत थांबावं लागतं. चालतं.

मी मात्र सरळ १०० मिलिसेकंदांना टायमर लावला, आणि आकडा बदलला असेल तरच लेबलाला हात लावायचा. घंटेलाही फार तर दशांश सेकंदाचा उशीर. लॅपटॉपला सेकंदाला दहा वजाबाक्या जड नाहीत. आमचा वाद झाला. तिच्या मते माझा उपाय आळशी आहे. आळशीच आहे, पण रात्री अकराला दुसऱ्याला समजावायला सोपा.

३ ऑगस्ट, रविवार

काकूंच्या घरी. उलटं घड्याळ हवं की सुलटं, यावर तासभर चर्चा. परीक्षकांना किती झालं ते हवं, वक्त्याला किती उरलं ते. उलट्या घड्याळात एक खोच आहे: उरलेल्या वेळेचा अपूर्णांक सुलट्यासारखा खाली तोडला तर शेवटचा पूर्ण सेकंद ०:०० दिसत राहतं आणि घंटा वाजत नाही. तिथे वरचा पूर्णांक घ्यायचा, म्हणजे ०:०० आणि घंटा एकत्र. सुलट्याला खालचाच.

शेवटी काकूंनी निकाल दिला. "चौथीतल्या पोराला समोर सेकंद पळताना दाखवू नकोस. बोलायचं सोडून तेच वाचत बसेल." प्रोजेक्टरवर आकडा नाही. पाच मिनिटांपर्यंत पडदा हिरवा, मग पिवळा, सातनंतर लाल. आकडे फक्त काकूंच्या खिडकीत, सुलटे.

उलट्या घड्याळाचा कोड काढून टाकला.

६ ऑगस्ट, बुधवार

'सुरू' दोनदा दाबलं तर 'आफ्टर'च्या दोन साखळ्या एकाच वेळी चालतात. मोजणीच्या पद्धतीत घड्याळ दुप्पट वेगाने धावलं असतं. आता दिसत काही नाही, पण घंटा दोनदा वाजू शकते. 'आफ्टर' परत देतो तो क्रमांक जपून ठेवला, नवी साखळी सुरू करण्याआधी 'आफ्टर-कॅन्सल'. खिडकी बंद करतानाही तेच.

थांबवण्यासाठी टायमर नुसता बंद करून भागत नाही, कारण घड्याळ आपलं चालूच असतं. थांबताना आतापर्यंतचा वेळ एका खात्यात जमा करायचा, पुन्हा सुरू होताना नवी सुरुवात टिपायची. दाखवायचं ते जमा अधिक चालू.

स्पेस बारवर सुरू-थांबवा दिलं, आणि कधीकधी घड्याळ सुरू होऊन तत्क्षणी थांबायचं. टॅब दाबून फोकस (कळ कोणाला लागू, ती निवड) बटणावर गेला असेल तर स्पेस बटणालाही दाबते आणि आम्ही स्पेसला जोडलेल्या हुकमालाही पोचते. एका कळीत दोन हुकूम. बटणांना फोकस घ्यायला मनाई केली.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. ताई राखी बांधायला आली, भाची लॅपटॉप घेऊनच. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं आतल्या खोलीत, ताई बाहेरून, "सणाचं तरी बंद ठेवा रे."

घंटेचं काम. पायथनमधून विंडोजवर आवाज काढणाऱ्या 'विनसाउंड'चा 'बीप' आवाज संपेपर्यंत फंक्शनमध्येच बसून राहतो, म्हणजे २६ जुलैचं दुखणं छोट्या रूपात. 'प्लेसाउंड'ला मागे वाजत राहण्याची खूण दिली की तो लगेच परत येतो. आवाज कोणता? बीप काकूंना नापसंत: "मायक्रोवेव्ह झाल्यासारखं वाटतं." परवाच त्यांची पितळी घंटा आणून मोबाइलवर टिपली होती. घंटा हातात धरली की नाद मरतो, म्हणून दोऱ्याला टांगून वाजवली. पंखा बंद, खिडक्या बंद. सातव्या मिनिटाच्या दोन ठोक्यांची एकच वेगळी फाइल केली, कारण एक आवाज चालू असताना दुसरा सोडला तर पहिला तुटतो.

घंटा कधी, याची अट भाचीने '३०० सेकंद झाले असतील तर' अशी बरोबरीची लिहिली होती. वेळ अपूर्णांकात येते, नेमके ३०० कधी सापडतच नाहीत. आणि पूर्णांक करून बरोबरी पाहिली तर दहा वेळा सापडतात. अट अशी हवी: ३०० किंवा त्याहून जास्त झाले, आणि ही घंटा अजून वाजलेली नाही. वाजली की खूण करायची, नव्या वक्त्याला खुणा पुसायच्या. मशीन मध्ये सेकंदभर अडकली तरी घंटा हुकत नाही, फक्त तेवढी उशिरा वाजते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पायथनच्या प्रोग्रामची एक्झी करणाऱ्या पायइन्स्टॉलरने एक्झी केली. एकाच फाइलची केली तर अँटिव्हायरस उचलून बाजूला टाकतो. फोल्डरवाली केली, तिला काही म्हणाला नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून पाहिलं. दुसरी खिडकी दुसऱ्या पडद्यावर जाते, पण प्रोजेक्टर आधी जोडून मग प्रोग्राम उघडावा लागतो. काकूंच्या कागदावर लिहून दिलं.

मोठी भानगड वेगळीच. वक्ता बोलत असताना कोणी माउस हलवत नाही, कळ दाबत नाही. लॅपटॉपला वाटतं सगळे घरी गेले, आणि तो पडदा विझवतो. विंडोजला 'पडदा जागा ठेव' सांगणारी हाक सीटाइप्समधून (पायथनमधून विंडोजची फंक्शनं बोलावण्याची सोय) दिली, घड्याळ चालू असेल तेवढ्यापुरती. बंद होताना ती मागे घ्यायची.

एकाने झाकण लावून पाहिलं. झोपेतून उठल्यावर घड्याळ मधली मिनिटं धरून पुढे होतं: आमच्या पायथनमध्ये मोनोटॉनिकच्या खाली विंडोजचा जो मोजणारा आहे तो झोपेतला वेळही धरतो. याच कुळातला जुना ३२ बिटांचा मोजणारा ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. विंडोज ९५ त्यावरच लटकायचं. आमचे वक्ते तेवढे बोलत नाहीत, एखादा अपवाद सोडला तर.

२४ ऑगस्ट, रविवार

रंगीत तालीम. भाचीने मुद्दाम 'टाइम.टाइम'वाली एक प्रत बाजूला ठेवली होती. दोन्ही चालू करून संगणकाची वेळ दहा मिनिटं पुढे केली. तिची प्रत तत्क्षणी लाल झाली, घंटा घणघणली. मोनोटॉनिकवाली हिरवीच. काकूंना हे फार आवडलं, पुन्हा करायला लावलं.

निकाल पेन ड्राइव्हवर लिहिताना खिडकी क्षणभर गोठते. ड्राइव्ह जुना, लिहिणं मेनलूपमध्येच. आकडा थांबला, मग एकदम पुढे जाऊन बरोबर जागी बसला. लिहिण्याचं काम बाजूला समांतर चालवणारा थ्रेड वगैरे करता आलं असतं, पण थ्रेडमधून टीकेइंटरच्या खिडक्यांना हात लावण्याचे वेगळे ताप असतात. फाइल लॅपटॉपवरच लिहायची, शेवटी एकदा कॉपी करायची. झालं.

३१ ऑगस्ट, रविवार

स्पर्धा झाली. घड्याळ बिनबोभाट चाललं. वीज एकदा गेली. लॅपटॉप बॅटरीवर, काकूंनी स्पेस दाबली, जनरेटर लागल्यावर पुन्हा दाबली.

टिपलेली घंटा मागच्या रांगांपर्यंत पोचली नाही. पाऊस पत्र्यावर पडत होता. पहिल्या गटानंतर काकूंनी लॅपटॉपचा आवाज बंद केला, पिशवीतून पितळी घंटा काढली आणि पडदा पिवळा झाला की स्वतः वाजवू लागल्या.

एका पालकांनी गुण कापल्याबद्दल विचारणा केली. नोंद काढली: ७:३०.४. नियमाप्रमाणे एक गुण जातो. ते म्हणाले, चार दशांश सेकंदांसाठी? परीक्षकांनी आपसात बोलून गुण परत दिला, आणि मग त्याच न्यायाने आणखी एका मुलीचाही द्यावा लागला. तिच्या नोंदीत ७:३१.२ होते.

२ सप्टेंबर, मंगळवार

सवलतीचे सेकंद ही नवी सेटिंग घातली. सध्या २, आकडा समितीने ठरवायचा. गुणांच्या हिशोबातच धरली आहे, पडद्याचा रंग आणि घंटा ५ आणि ७ मिनिटांवरच राहतील. सोर्स कोड भाचीकडे आणि माझ्याकडे असा दोन ठिकाणी, शिवाय एक प्रत कार्यवाहांकडे; त्यांचा नवा सीपीयू आता टेबलावर असतो.

एकांकिकांसाठी चाळीस मिनिटांचा पर्याय मागितलाय. वेळा सेटिंगमधून येतात, त्यामुळे कोडात बदल नाही. पस्तिसाव्या मिनिटाला घंटा नको, विंगेत दिवा हवा, असं नाटकवाल्यांचं म्हणणं. दिवा यूएसबीवरून लावायचा तर रिले (विजेवर चालणारं बटण) लागेल. भाची बघतेय.